साखरेचा वारसा आणि मूत्रपिंडांची राखण

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. पेढीवर, दुकानात वा कचेरीत बसून काम करणाऱ्या कुटुंबांत तर तो आता परक्या पाहुण्यासारखा राहिलेला नाही, घरचाच झाला आहे. लग्नकार्यात किंवा स्वामीवात्सल्याच्या पंगतीत शेजारी बसलेली मंडळी एकमेकांना सहजपणे विचारतात, ‘तुमची साखर सध्या किती?’ मात्र ‘लघवीतून प्रथिन जाते का, हे तपासून घेतले का?’ असे कोणी कोणाला विचारत नाही. मधुमेही प्रौढांपैकी साधारणपणे तिघांत एकाची मूत्रपिंडे या रोगाने बाधित होतात, हे ध्यानात घेतले तर न विचारला जाणारा हा प्रश्नच अधिक मोलाचा ठरतो.

या बाबतीत एक कोडे वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ पडलेले होते. एखाद्या घरात थोरल्या भावाला डायलिसिस सुरू होते, पाठोपाठ बहिणीचे क्रिएटिनिन वाढते आणि धाकट्याच्या पायांवरही सूज दिसू लागते. शेजारच्या घरात मात्र तितकीच वर्षे, तितकीच साखर अंगावर वागवूनही कोणाच्या मूत्रपिंडाला धक्का लागत नाही. औषधे तीच, डॉक्टर तेच, पथ्यपाण्याची हेळसांडही थोडीफार सारखीच. मग हा भेद कशामुळे?

त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी मूत्रपिंडाचे काम समजून घ्यावे लागते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्याने बनलेली ही गाळणी रक्तातील पाणी व टाकाऊ द्रव्ये पलीकडे सोडते आणि अल्ब्युमिनसारखी मोलाची प्रथिने रक्तातच अडवून ठेवते. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव या गाळण्यांतून जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परततो आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्र बनते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की गाळण्यांवरील दाब वाढतो, त्यांचे पापुद्रे जाड व विस्कळीत होतात आणि अल्ब्युमिन निसटू लागते. मधुमेही मूत्रपिंडातील विशिष्ट गाठींचे वर्णन पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन या दोन वैद्यकांनी १९३६ मध्येच करून ठेवले होते. रोग ठाऊक होता. तो कोणाला गाठतो आणि कोणाला सोडतो, हे ठाऊक नव्हते.

पहिला धागा मिळाला तो काळाच्या हिशेबातून. नुकसान केवळ साखरेमुळे व वर्षांमुळे होत असते, तर मधुमेहाची वर्षे वाढतील तसा धोका अखंड वाढत गेला असता. बालपणी किंवा तारुण्यात मधुमेह जडलेल्या रुग्णांचा मागोवा घेतल्यावर निराळेच चित्र दिसले. मूत्रपिंडाचा विकार बहुधा १५ ते २० वर्षांच्या सुमारास सर्वाधिक प्रमाणात प्रकट होतो आणि त्यानंतर नव्याने बाधित होणाऱ्यांचे प्रमाण उतरू लागते. तीस वर्षे जो सुरक्षित राहिला, तो पुढेही बहुधा सुरक्षित राहतो. म्हणजे मधुमेह्यांतील काहींच्या ठायी ही दुर्बलता मुळातच असली पाहिजे, असा तर्क बळावला.

दुसरा धागा भावंडांच्या अभ्यासातून हाती आला. अमेरिकेतील मिनेसोटा येथे झालेला असा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मधुमेही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, त्यांच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांमध्ये मूत्रपिंडविकाराच्या खुणा आढळल्या. ज्या रुग्णांची मूत्रपिंडे शाबूत होती, त्यांच्या मधुमेही भावंडांत हेच प्रमाण १७ टक्के होते. कुटुंबांची संख्या लहान होती. परंतु तफावत इतकी ठळक होती, की तिच्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले.

पुढच्याच वर्षी ॲरिझोना राज्यातील हिला नदीकाठच्या पिमा या मूळ अमेरिकन जमातीचा अभ्यास पुढे आला. या लोकांत मधुमेहाचे प्रमाण अतिशय मोठे असून १९६५ पासून त्यांच्या आरोग्याची पिढ्यानपिढ्या नोंद ठेवली गेली. त्यांतील मधुमेही अपत्यांच्या लघवीत प्रथिन जाण्याचे प्रमाण आईवडिलांच्या स्थितीनुसार बदलत होते. आईवडिलांपैकी कोणालाच हा दोष नसेल तर सुमारे १४ टक्के, एकाला असेल तर सुमारे २३ टक्के आणि दोघांनाही असेल तर सुमारे ४६ टक्के. साखरेच्या पिढीजात वारशाबरोबर मूत्रपिंडाच्या नाजूकपणाचाही एक स्वतंत्र वारसा चालत येतो, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

हे सारे परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. चेन्नई येथील मधुमेहतज्ज्ञांनी प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाबाबत दक्षिण भारतीय कुटुंबांचा असाच अभ्यास करून १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. मूत्रपिंडविकार जडलेल्या रुग्णांच्या मधुमेही भावंडांपैकी निम्म्यांच्या लघवीत उघड प्रथिन सापडले आणि आणखी सुमारे २७ टक्क्यांमध्ये त्याची सूक्ष्म सुरुवात झालेली होती. निरोगी मूत्रपिंड असलेल्या रुग्णांच्या भावंडांत उघड प्रथिन एकाही व्यक्तीत आढळले नाही. भारतीय घरांनाही हा नियम लागू आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

अर्थात कुटुंबातील माणसे रक्ताबरोबर स्वयंपाकघरही वाटून घेतात. तेच मीठ, तेच तूप, तीच बैठी राहणी आणि औषधाबाबतची तीच चालढकलही भावंडांच्या वाट्याला येते. त्यामुळे कुटुंबात दिसणारा प्रत्येक रोग जनुकांच्याच माथी मारणे योग्य नव्हे. तरीही जनुकांचा वाटा खरा आहे, आणि त्याचा शोध गेल्या काही वर्षांत बराच पुढे गेला आहे.

लहानपणीच्या अथवा तरुणपणीच्या मधुमेहाने ग्रस्त अशा, युरोपीय वंशाच्या जवळपास वीस हजार लोकांची जनुकीय तपासणी करून २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूत्रपिंडविकाराशी संबंधित सोळा नवी जनुकीय स्थाने सापडली. सर्वांत ठळक दुवा ‘सीओएल-४-ए-३’ या जनुकात मिळाला. गाळणीचा पापुद्रा ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने विणलेला असतो, त्याचा एक धागा तयार करण्याची आज्ञा या जनुकात असते. त्यातील एका छोट्या बदलामुळे मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला संरक्षण मिळते, असे दिसून आले. गंमत अशी, की याच जनुकात गंभीर बिघाड झाला तर ‘आल्पोर्ट’ नावाचा आनुवंशिक मूत्रपिंडरोग होतो. एकच जनुक, त्यातील एक बदल घातक, तर दुसरा तारक.

सर्व मानवसमूहांना एकच नियम लावता येत नाही, याचे उदाहरण ‘एपीओएल-१’ या जनुकाने दिले. पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या लोकांत या जनुकाची दोन रूपे आढळतात. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या जंतूंपासून ती बचाव करतात, म्हणूनच ती त्या समाजात टिकून राहिली; पण आईकडून व वडिलांकडून अशी दोन्ही रूपे आली तर मूत्रपिंडरोगाचा धोका पुष्कळ वाढतो. हा शोध २०१० चा. एका संकटातून वाचवणारी देणगी दुसऱ्या संकटाचे दार उघडते, असा हा निसर्गाचा व्यवहार. भारतीय कुटुंबांत मात्र या जनुकाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

या संशोधनातून सामान्य कुटुंबाने घ्यायचा बोध असा : मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचे भवितव्य ठरवणारे एखादे एकमेव जनुक नाही. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येतात आणि त्यांत साखर, रक्तदाब, तंबाखू, वजन व वय यांची भर पडते. म्हणूनच हजारो रुपये मोजून सरसकट जनुकीय चाचण्यांची पाकिटे विकत घेण्याचे कारण नाही. ज्या घरात मूत्रपिंडविकार झालेला आहे, त्या घराचा इतिहास हीच सध्या सर्वांत स्वस्त व भरवशाची जनुकीय चाचणी आहे.

यालाही काही अपवाद आहेत. मधुमेह पंचविशीच्या आत, सडसडीत बांध्याच्या व्यक्तीला झाला असेल आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर द्रवाच्या गाठी दिसत असतील, तर ‘एचएनएफ-१-बी’ या एकाच जनुकातील दोषाची शक्यता असते. मधुमेहाबरोबर ऐकू कमी येण्याची तक्रार आईच्या बाजूने चालत आली असेल, तर पेशींतील मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांत दोष असू शकतो. लघवीत वारंवार रक्त जात असेल, तर त्याचे कारण मधुमेहापलीकडचे असू शकते. अशा वेळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेली जनुकीय चाचणी निदानाची व उपचारांची दिशा बदलू शकते.

जनुकांचे नाव निघाले की पुष्कळांच्या मनात हताशपणा येतो. ‘रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. कर्मसिद्धान्ताशी परिचित असलेल्या वाचकाला या प्रश्नाचे उत्तर समजणे कठीण जाऊ नये. बांधलेले कर्म सत्तेत पडून राहते आणि द्रव्य, क्षेत्र, काल, भाव यांचे निमित्त मिळाले की उदयाला येते. सर्वच कर्म निकाचित नसते. अपकर्षणाने त्याची स्थिती व अनुभाग घटू शकतो, म्हणूनच पुरुषार्थाला अर्थ राहतो. जनुक म्हणजे कर्म नव्हे, हा केवळ समजण्यापुरता दृष्टान्त आहे. तरी धोक्याची जनुके शरीराच्या सत्तेत असणे आणि रोग उदयाला येणे, या दोहोंमध्ये माणसाच्या प्रयत्नाला मोठा वाव असतो, हे शास्त्रीय सत्य आहे.

त्याचे पुरावे भरभक्कम आहेत. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या रुग्णांत लघवीतून सूक्ष्म प्रमाणात अल्ब्युमिन जाण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी आणि उघड प्रमाणात जाण्याची शक्यता ५४ टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षी कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास पुढे आला. मूत्रपिंड आधीच बाधित झालेल्या मधुमेह्यांत मृत्यू, डायलिसिस व प्रत्यारोपण यांचा एकत्रित धोका या औषधाने निम्म्यावर आणला. डेन्मार्कमध्ये लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागलेल्या १६० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि राहणी अशी चौफेर काळजी घेण्यात आली. २००३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत त्यांच्यातील मूत्रपिंडविकाराचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटलेला दिसला. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाने ४,४०१ रुग्णांच्या अभ्यासात मूत्रपिंडे निकामी होण्यासह गंभीर परिणामांचा धोका ३० टक्क्यांनी कमी केल्याचे सिद्ध झाले. या रुग्णांपैकी कोणाचीही जनुके बदललेली नव्हती. बदलला होता तो केवळ उपचार, आणि तोही वेळेवर मिळाला म्हणून.

‘वेळेवर’ या शब्दातच सारे मर्म आहे. मूत्रपिंड दुखत नाही, तक्रार करीत नाही. रक्तातील क्रिएटिनिन ठळकपणे वाढते, तोपर्यंत कार्यक्षमता बहुधा निम्म्याने घटलेली असते. पायांवर सूज, मळमळ, थकवा ही लक्षणे तर त्याहून उशिरा येतात. त्या आधी कित्येक वर्षे लघवीतील अल्ब्युमिन धोक्याची सूचना देत असते. त्यासाठी प्रयोगशाळेत ‘युरिन एसीआर’ म्हणून ओळखली जाणारी, लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर सांगणारी साधी चाचणी करतात. हे गुणोत्तर ३० पेक्षा कमी असणे चांगले. ३० ते ३०० म्हणजे सावधगिरीचा टप्पा आणि ३०० च्या वर म्हणजे उघड नुकसान. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग वा कष्टाचा व्यायाम यांमुळे आकडा तात्पुरता वाढू शकतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन तपासण्या सदोष आल्या तरच निदान पक्के मानतात. जोडीला रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला ‘ईजीएफआर’ हा आकडा पाहतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडविकार आहे, असे समजतात.

प्रौढपणी झालेल्या मधुमेहात या दोन्ही चाचण्या निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी कराव्यात. बालपणीच्या मधुमेहात पाच वर्षांनंतर त्या सुरू कराव्यात. आईवडील वा भावंडे यांपैकी कोणाचे मूत्रपिंड मधुमेहाने बिघडले असेल, तर घरातील इतर मधुमेह्यांनी एकही वर्ष चुकवू नये. ज्यांना मधुमेह नाही, अशा मुलांनी व भावंडांनीही साखर आणि रक्तदाब नियमित तपासावा.

जैन घरांच्या आचाराशी निगडित दोन गोष्टींचा येथे उल्लेख आवश्यक आहे. पहिली मिठाची. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य केली की ताटात पापड, लोणचे, खाकरा व मसाल्याच्या डाळी यांचे प्रमाण वाढते. प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड-लोणच्यांनी ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि रक्तदाब वाढून मूत्रपिंडांवरील भार वाढतो. रसत्याग ज्या धर्मात तप मानला गेला आहे, त्या धर्माच्या अनुयायांना मीठ कमी करणे अवघड वाटू नये.

दुसरी गोष्ट उपवासाची. अठ्ठाई, आयंबिल वा चौविहार उपवास करणाऱ्या मधुमेह्याने औषधे पूर्वीप्रमाणेच चालू ठेवली तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. कॅनाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील औषधे घेत असताना दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल साचण्याची आपत्ती ओढवू शकते, आणि पाण्यावाचून राहिल्याने आधीच अशक्त झालेल्या मूत्रपिंडांवर आघात होतो. प्रत्याख्यानातही आगार ठेवलेले आहेत. म्हणून तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आणि गुरुमहाराजांना आपली प्रकृती स्पष्टपणे सांगणे, यात धर्माला बाध येत नाही. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटकांचा पत्ता नसलेली भस्मे यांपासूनही दूर राहावे.

वेळीच लक्ष दिले नाही तर काय होते? आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस. शासनाने २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला असला, तरी घरातील एका माणसाची ये-जा, बुडणारा व्यवसाय आणि मनाचा थकवा यांची भरपाई कोणती योजना करणार? प्रत्यारोपण करायचे तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार प्रामुख्याने जवळचे नातलगच मूत्रपिंड देऊ शकतात. येथे कुटुंबाच्या वारशाची खरी कसोटी लागते. जो भाऊ आनंदाने पुढे आला असता, त्याच्याच रक्तात साखर निघते. ज्या मुलाला द्यायचे आहे, त्याच्याही भविष्याची शंका डॉक्टरांना येते. मग बहुधा पत्नी किंवा वृद्ध आई पुढे होते. भावंडांनी आपली मूत्रपिंडे वेळीच जपली, तर कदाचित प्रत्यारोपणाची गरजच पडणार नाही.

आणि तरीही अनेक घरे हा आजार लपवतात. मुलीचे लग्न ठरायचे आहे, मुलाच्या स्थळाची बोलणी चालू आहेत, म्हणून वडिलांचे डायलिसिसही ‘मुतखड्याचा त्रास’ ठरते. काका-आत्यांच्या आजाराचे कारण पुतण्यांना कधी कळतच नाही. ही लपवाछपवी स्थळापुरती सोयीची वाटते. परंतु ज्यांना त्या माहितीचा सर्वाधिक उपयोग झाला असता, त्याच सख्ख्या रक्ताच्या माणसांची ती फसवणूक असते. मधुमेहाचा वा मूत्रपिंडाच्या दुर्बलतेचा वारसा मुलगे व मुली दोघांकडेही जातो. त्यासाठी सुनेला किंवा तिच्या माहेराला बोल लावणे अन्यायाचे आणि अडाणीपणाचेही आहे. ज्या समाजात तिघांत एक मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या वाटेवर असू शकतो, तेथे निष्कलंक आरोग्याचे घराणे शोधत बसण्यापेक्षा आपल्या घराचा इतिहास ठाऊक असलेले सावध घराणे निवडणे शहाणपणाचे ठरेल.

चार दानांपैकी औषधदानाची परंपरा समाजाने मोठ्या श्रद्धेने जपली आहे. संघ, मंडळे व महिला शाखा यांची आरोग्य शिबिरे होतात. तेथे बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात, रक्तदाब मोजतात आणि अल्पोपाहार होतो. त्यात मधुमेह्यांसाठी लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी जोडली आणि नोंदणीच्या कागदावर ‘कुटुंबात कोणाला मूत्रपिंडविकार आहे का?’ एवढी एक ओळ घातली, तर शिबिराचा लाभ कित्येक पटींनी वाढेल. दोष आढळलेल्या व्यक्तीला पुन्हा तपासणीसाठी बोलावण्याची जबाबदारी दोन कार्यकर्त्यांनी उचलली, तर ते औषधदान खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

पर्युषणाच्या अखेरीस क्षमापनेसाठी दूर गेलेल्या भाऊबहिणींना, काका-मामांना, आत्या-मावश्यांना फोन केले जातात. वर्षभर न बोललेली माणसेही त्या दिवशी मोकळेपणाने बोलतात. ‘खमत खामणा’ म्हणून झाल्यावर त्याच फोनवर आणखी दोन वाक्ये बोलावीत : घरात कोणाच्या मूत्रपिंडाला काय झाले ते खरेखरे सांगावे, आणि समोरच्याने यंदाची लघवीची तपासणी केली की नाही, ते विचारावे.